पाण्याचा हट्ट

सोमवार, ४ सप्टेंबर

काल पालकवर्गाचा पहिला दिवस झाला. वाचनालयाच्या वरच्या दालनात मांडलेल्या तीस खुर्च्या पुरल्या नाहीत, दोन वडील खिडकीच्या कट्ट्यावर बसले. अकरा वर्षं शाळेत शिकवलं, मग बालवर्तनाचा अभ्यास केला, चार वर्षं शनिवारच्या पुरवणीत 'आईची शाळा' लिहितेय. पण समोर माणसं बसवून बोलण्याची गोष्टच वेगळी. फळ्यावर माझी तीन वाक्यं लिहिली: एकदाच सांगा. कारणं देऊ नका. मागे फिरू नका. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली. चाळिशीचे बाप्ये दुसरीतल्या पोरांसारखे मान खाली घालून लिहीत होते, तेव्हा हसू दाबावं लागलं.

टिटवीला मुद्दाम नेलं होतं. हे नाव तिच्या बापाने ठेवलेलं, जन्मली ती चोच उघडूनच म्हणून. सदरातून सगळे तिला ओळखतात. मुलगी दिसली की लोकांना पटतं, नाहीतर आहेच आपलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण काल बाईसाहेबांनी दीड तासात चार वेळा पाणी मागितलं आणि तीन वेळा बाहेर गेल्या. चौथ्या वेळी मागच्या रांगेतली एक आई हसली. मी ऐकलंच नाही असं केलं. घरी आल्यावर टिटवीशी बोलले नाही. शब्दांपेक्षा अबोल्याचा उपयोग जास्त होतो.

गुरुवार, ७ सप्टेंबर

या आठवड्यात तिसऱ्यांदा अंथरूण ओलं. वय वर्षं सात. तिसऱ्या वर्षापासून कधी चादर बदलावी लागली नव्हती. मी त्यावर एक अख्खा लेख लिहिलाय, 'कोरडी सकाळ' नावाचा.

कारण उघड आहे. मी वर्गाच्या तयारीत गुंतले, आईचं लक्ष वाटलं गेलं. मुलं लक्ष मिळवायला काहीही करतात, आजारीसुद्धा पडतात. आजपासून नियम: संध्याकाळी पाचनंतर पाणी नाही. ओली चादर तिने स्वतः बादलीत बुडवायची. शांतपणे सांगितलं, एकदाच.

नवरा म्हणाला, डॉक्टरांना दाखवू या का एकदा? मी म्हटलं, तुझ्या चष्म्याच्या दुकानात मी कधी लुडबुड करते का? त्याने दुकानाच्या किल्ल्या उचलल्या.

शनिवार, ९ सप्टेंबर

दोन सकाळी कोरड्या. नियम लागू पडतोय.

सकाळी टिटवी म्हणाली, "आई, मला स्वप्नात नुसतं पाणीच दिसतं. मी पिते आणि ते संपतच नाही." केवढी कल्पकता! असं बोललं की आई विरघळेल हे त्या इवल्याशा डोक्यात कुठून येतं? लगेच टिपून ठेवलं. पुढच्या लेखाची सुरुवात मिळाली.

सोमवार, ११ सप्टेंबर

शाळेत टिटवीला आणायला गेले तर तिथल्या मावशींनी गाठलं. मी शिकवत होते तेव्हापासूनच्या त्या. म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. तुमची लेक बाथरूमला जाऊन आली की तिथे मुंग्या लागतात. दुसऱ्या कुणाच्या वेळी लागत नाहीत. माझ्या भावाचं असंच झालं होतं." भावाचं काय झालं ते ऐकायला मला वेळ नव्हता. मुख्याध्यापिकांना भेटून स्वच्छतेबद्दल स्पष्ट बोलले. इतकी फी घेता आणि मुलींच्या बाथरूममध्ये मुंग्या? त्यांनी मावशींना बोलावून माझ्यासमोरच समज दिली.

आज पुन्हा चादर ओली होती. पाणी पाचऐवजी चारला बंद.

गुरुवार, १४ सप्टेंबर

टिटवीला फळा दिसत नाही म्हणे. बाप घेऊन गेला दुकानात, हौसेने तपासलं. नंबर निघाला, चांगलाच. मागच्या महिन्यात काही नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीला नवा गुलाबी चष्मा आलाय, मग हिला नको? मी सांगितलं, इतक्यात काही देऊ नकोस, आठवड्याने पुन्हा बघ, खोटं उघडं पडेल.

जेवताना तो म्हणाला, "नंबर असा एकाएकी बदलतो तो म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचा. साखर वाढली की होतं असं." मग स्वतःच हसला. सात वर्षांच्या पोरीला कुठली आलीय साखर! मीही हसले. टिटवीने मात्र ताटातलं सगळं संपवून पुन्हा मागितलं. हल्ली खाते मात्र छान. उंचीही वाढत असावी, फ्रॉक खांद्यावरून घसरतात.

शनिवार, १६ सप्टेंबर

'पाण्याचा हट्ट' छापून आला. स्वप्नाचं वाक्य चौकटीत, ठळक अक्षरात. संपादकांचा दहाच्या आत फोन. म्हणाले, मॅडम, अशी पत्रं येणार की पोस्टमन शिव्या घालेल.

दुपारपर्यंत आठ आयांचे निरोप आले. सगळ्यांच्या घरी हाच प्रकार. झोपायच्या वेळी पाणी, मग बाथरूम, मग पुन्हा पाणी. एकीने लिहिलंय, 'तुम्ही सांगितलंत म्हणून हिंमत झाली.' हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

आज जे पाहिलं त्याने मन विटलं. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर टिटवी फुलदाणीला तोंड लावून पाणी पीत होती. तीन दिवसांचं हिरवट पाणी. फुलं तिने नीट काढून टेबलावर ओळीने मांडली होती, म्हणजे घाईत केलेलं काम नव्हे, विचारपूर्वक केलेलं. मी ओरडले नाही. फुलदाणी उचलून माळ्यावर ठेवली. बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी लावली. जायचं असेल तेव्हा मला सांगायचं आणि मी दारात उभी राहणार.

नवरा घरी आल्यावर कडीकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "इतकं?" मी म्हटलं, मागे फिरले तर इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. तो बाल्कनीत जाऊन बसला. त्याच्याने 'नाही' म्हणवत नाही, त्याच्या आईनेही त्याला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

टिटवीच्या तोंडाला गोड वास. पिकून उतू गेलेल्या फळासारखा. काय खाल्लंस विचारलं तर म्हणते, काही नाही. दप्तर झाडलं, खिसे पाहिले, काही सापडलं नाही, म्हणजे पुरावाही संपवला. चोरीपेक्षा खोटं बोलणं मला जास्त लागतं. एक तास खुर्चीत बसवलं.

आणि इथे प्रगती नोंदवायलाच हवी. ती रडली नाही. चेहरा रडण्याचा झाला, हुंदकेही दिले, पण डोळ्यांत थेंब नाही. पूर्वी एवढ्यात पूर आला असता. आतून बळ येतंय.

नंबर पुन्हा तपासला. वेगळाच निघाला. म्हटलं होतं ना.

रविवार, २४ सप्टेंबर

दुसरा वर्ग. बेचाळीस जण. टिटवी पहिल्या खुर्चीत दीड तास जागची हलली नाही. पाणी मागितलं नाही, काही बोललीही नाही. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून जरा जोरजोरात श्वास घेत होती, तेवढंच. फुरंगटली की ती असा श्वास घेते. शेवटी एक आजोबा उठून म्हणाले, "मूल असावं तर असं." टाळ्या वाजल्या. तिने डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

सोमवार, २५ सप्टेंबर

सकाळी पोट दुखतंय, दोन उलट्या. आज गणिताची चाचणी. सोमवारचं पोटदुखणं अर्ध्या जगाला असतं. बूट मीच घातले, हातात दप्तर दिलं आणि पाठवलं.

शनिवार, ३० सप्टेंबर

पाच दिवस वही उघडली नाही. लिहिते, नाहीतर माझं मलाच खोटं वाटायला लागेल.

सोमवारी पावणेअकराला शाळेतून फोन आला. चाचणीच्या पेपरवर डोकं ठेवून टिटवी झोपली ती उठेना. मी पोचले तेव्हा मावशींनी तिला मांडीवर घेतलं होतं. रिक्षात तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तो वास. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसालाही तो आला. त्याने आत हाक मारली, "मुलीला साखर दिसतेय." स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला एका श्वासात कळलं.

दोन दिवस अतिदक्षता विभाग. शरीरात इन्सुलिनच बनत नाही. मुलांच्या डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. म्हणाल्या, हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, तो कुणामुळेच होत नाही. मी सुटकेचा श्वास घेतला असेन, कारण त्या थांबल्या आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पण तीन आठवडे पोरीचं शरीर हाका मारत होतं. रक्तात साठलेली साखर धुऊन काढायला पाणी मागत होतं. इतकी कोरडी कशी पडली ही? पाणी बंद केलं होतं का कुणी?"

मी म्हटलं, आम्हाला तसा सल्ला मिळाला होता.

"कुणाचा?"

नवरा पलंगाच्या पलीकडे उभा होता. त्याने टिटवीच्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाला, "एक तज्ज्ञ आहेत. पेपरात लिहितात."

डॉक्टरांनी कपाळावर आठी घातली. म्हणाल्या, अशा लोकांना एकदा इथे आणून उभं केलं पाहिजे.

मी तिथेच उभी होते.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

टिटवी उठून बसते, बोलते. आज सिस्टर तिला लाडाने म्हणाली, "अगं राणी, इतका त्रास होत होता तर आईला सांगायचं नाही का?"

टिटवी म्हणाली, "सांगितलं होतं. आईने ते पेपरात दिलं."

सिस्टरला काही कळलं नाही. ती हसली, सलाइनचा वेग बघितला आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

मंगळवार, १० ऑक्टोबर

घरी आलो. रोज चार इंजेक्शनं, बोट टोचून तपासणी, ताटातलं सगळं मोजून. मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. टापटीप मला जमते. इंजेक्शन बाप देतो तेव्हा ती कुरकुरते, त्याचा कान पिळते, 'हळू रे बाबा' म्हणते. मी देते तेव्हा दंड पुढे करते आणि भिंतीकडे बघते. हूं की चूं नाही. माझ्या हातून कमी दुखत असावं.

बाथरूमची कडी नवऱ्याने काढली. चार स्क्रूंची भोकं राहिलीत.

मी वाट बघतेय की तो म्हणेल, तुला सांगितलं होतं. म्हणत नाही. शेवटी मीच म्हटलं, बोल एकदाचं. तो म्हणाला, "दोन नंबर माझ्या हाताने काढले मी. दुकानात मोठा माणूस असता तर आधी रक्त तपासून या म्हणालो असतो. तुझ्यापुढे बोलायचं मी कधीचं सोडलंय. तो गुन्हा माझा." मग हात धुऊन टिटवीचं बोट टोचायला गेला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

संपादकांना म्हटलं, हट्टाच्या लेखाचं खंडन छापायला हवं. ते म्हणाले, मॅडम, वर्षातली सगळ्यात जास्त पत्रं त्याला आली आहेत. लोक करून बघतायत, गुण येतोय म्हणतात. त्यांना आता चूक होती म्हणून सांगायचं? त्यापेक्षा आजारी मुलीच्या आईचं मन लिहा, लोक रडतील.

चार खर्डे केले. पहिल्यात सगळं होतं. दुसऱ्यात 'माझ्या ओळखीचं एक कुटुंब' झालं. तिसऱ्यात पाणी एका ओळीवर आलं. चौथा पाठवला. शब्दमर्यादाही होतीच.

शनिवार, २१ ऑक्टोबर

'आईची परीक्षा' छापून आला. लोक खरंच रडले. पालकवर्गातल्या आजोबांनी फोनवर सांगितलं, तुमच्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं.

नवऱ्याने तो उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि चष्मे गुंडाळायला दुकानात नेला.

दुपारी टिटवीचा कप्पा आवरताना पुस्तकांमागे पाण्याची बाटली सापडली. मग बुटांच्या कपाटात एक, खेळण्यांच्या खोक्यात दोन, पलंगाखाली भिंतीला लागून दोन. सगळ्या काठोकाठ भरलेल्या, झाकणं घट्ट. आता तिला कुणी पाणी अडवत नाही, हवं तेवढं पी म्हणून शंभरदा सांगितलंय. शंभरदा, कारणांसकट.

बाटल्या जिथल्या तिथे ठेवल्या.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

आज वर्तमानपत्राच्या कचेरीतून पत्रांचा गठ्ठा आला. आजारपणापासून साठलेला. त्यातलं एक इथे उतरवते.

'ताई, तुमचा पाण्याचा नियम पाच आठवडे पाळतेय. माझी धाकटी सहा वर्षांची. आधी फार रडायची, आता मागत नाही. थोडी वाळली आहे आणि शांत झाली आहे. शाळेतून आली की पडून असते. सासूबाई डॉक्टरांकडे नेऊ म्हणतात, पण तुम्ही लिहिलंय तसं मी मागे फिरले नाही. तुमची एक आज्ञाधारक वाचक.'

नाव नाही. पत्ता नाही. पाकिटावरचा शिक्का पुसट. नवऱ्याच्या दुकानात धावत गेले, भिंगाखाली धरला. गावाचं पहिलं अक्षरसुद्धा लागेना. त्याने तीन वेगवेगळी भिंगं लावून पाहिलं. मग म्हणाला, "छाप. आता सगळं छाप."

शनिवार, ४ नोव्हेंबर

छापलं. संपादक पुरवणीतल्या कोपऱ्यात टाकणार होते. मी त्यांच्या खोलीतली खुर्ची सोडली नाही. मुख्य अंकात, पहिल्या पानावर, माझ्या नावाने. मी काय केलं ते: पाचची वेळ, चारची वेळ, कडी, फुलदाणी, खुर्ची. पाणी मागणाऱ्या मुलाला पाणी द्या आणि त्याच दिवशी रक्त तपासा. मी डॉक्टर नाही आणि कधी नव्हते.

'आईची शाळा' बंद. वर्गही बंद. फोन सकाळपासून वाजतोय. शिव्या ओळखीच्या आवाजात आल्या की जास्त झोंबतात. आजोबांचाही आला. म्हणाले, मी सुनेला तुमचं ऐकायला लावलं, आता तिला तोंड कसं दाखवू.

बाटल्यांमधलं पाणी आता मी रोज बदलते, टिटवी शाळेत गेली की. तिला कळलंय की नाही, कुणास ठाऊक.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

ती आली. पत्र लिहिणारी.

मी कचेरीत उरलेली कागदपत्रं न्यायला गेले होते. शिपायाने सांगितलं, एक बाई मुलीला घेऊन दुपारपासून बसल्यात. चांगली नीटनेटकी बाई, हातात माझ्या लेखांच्या कात्रणांची वही. शेजारी मुलगी, दोन वेण्या, हडकुळी. मी बाईचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, रक्त तपासलंत का?

तपासलं होतं. लेख वाचला त्याच दिवशी. साखर अगदी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पाणी मात्र कमी पडतंय, भरपूर प्यायला द्या.

मी खुर्चीत बसले. इतके दिवस छातीवर धरून ठेवलेला दगड उतरला आणि मला चक्क रडू आलं. बाई माझ्याकडे जराशा नाराजीनेच बघत होत्या. त्या माझे आभार मानायला आल्या नव्हत्या.

म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलीला आजार होता, वाईट झालं. पण माझीला नाहीये. मग नियम चुकीचा कसा? किती कष्टाने वळण लावलं मी. तुमचं छापून आल्यापासून सासूबाई रोज ऐकवतात. तुम्ही एवढंच लिहा की निरोगी मुलांना चालतो."

मी म्हटलं, नाही चालत. कुणालाच नाही चालत. तिला तहान लागते, बास. मी जमेल तसं समजावलं. त्या वहीवर बोट ठेवून ऐकत होत्या, एखादी हुशार विद्यार्थिनी बाईंची चूक काढायला थांबते तशा.

बोलता बोलता मी टेबलावरचा तांब्या उचलून ग्लास भरला आणि मुलीपुढे धरला. तिने हात पुढे केला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. तिने हात मागे घेऊन मांडीखाली सरकवला.

बाईंचा चेहरा उजळला. "बघा," त्या म्हणाल्या, "मला सांगावंही लागत नाही."

मी ग्लास तिच्या हातात कोंबायला गेले तर ती आईला बिलगली. मला भ्यायली. जे जे सुचत होतं ते सगळं मीच कधीतरी लिहिलेलं होतं आणि समोरच्या बाईला तोंडपाठ होतं.

त्या उठल्या. वही पिशवीत घातली, मुलीची वेणी सारखी केली. दारातून वळून अगदी मनापासून म्हणाल्या, "तुम्हीच लिहायचं बंद केलंत, तर ताई, आम्ही विचारायचं कुणाला?"

"तिला विचारा," मी म्हटलं.

त्यांनी मुलीच्या डोक्यावरून खोलीभर नजर फिरवली, की आणखी कोण आहे.